ओल्या टॉवेलखालचे पट्टे

३ फेब्रुवारी, मंगळवार

डायरी लिहायची मला मुळीच हौस नाही. पण समुद्रापलीकडून नियमांचं जे बाड आलंय, त्यात दुसऱ्याच पानावर लिहिलंय की कारखान्याच्या प्रमुखाने रोजच्या घडामोडींची नोंद ठेवावी. प्रमुख म्हणजे मी. कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड, सात शिवणयंत्रं, चौदा बायका आणि कापणारे मास्तर. त्यांना दाखवायला एक वेगळी वही केली आहे, तिच्यात सगळं छान छान लिहीन. ही माझी.

सहा हजार पिशव्या! तागाच्या. तिकडच्या दुकानांची एक मोठी साखळी प्लास्टिक बंद करते आहे आणि आपण पाठवलेले वीस नमुने त्यांना पसंत पडले. पट्ट्यांचं तर खास कौतुक. खरेदीवाल्या बाईंनी लिहिलंय, की इतका मजबूत पट्टा त्यांनी कुठल्याच देशातून आलेला पाहिला नाही. मी ते पत्र सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. पट्ट्याचा टाका माझाच, मीच तो ताईला शिकवला, हेही सांगितलं. मास्तर तेवढ्यात कात्री शोधायला खाली वाकले.

बाड एकोणीस पानांचं आहे. पैकी चार पानं नीट वाचली. चौथ्यावर मी अडकले. 'सर्व काम तपासणीसाठी खुल्या असलेल्या जागेतच व्हावे.' म्हणजे शेडमध्ये. आणि आमचे सगळे पट्टे शिवते ताई, माझी थोरली बहीण, तिच्या घरी. पुढच्या पानांत सगळं कायद्याचं किचकट. शेवटची दोन तर नुसते रिकामे रकाने. कागद मात्र छान जाड होता, मास्तरांना दिला. त्यांनी लगेच त्यातून पट्ट्याचा साचा कापला. जुना साचा कडेने फाटला होताच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज निबंध लिहिला. शाळा सुटून तीस वर्षं झाली आणि आता निबंध! 'तुमचा उद्योग सर्वांना सामावून घेणाऱ्या आणि टिकाऊ प्रगतीला कसा हातभार लावतो?' ताग जमिनीत मिसळतो, कापडाचे तुकडे आम्ही फेकत नाही, त्यांच्या आतल्या खिशाच्या पट्ट्या करतो, चौदा घरांच्या चुली आमच्यावर आहेत, असं झकास लिहिलं. 'सर्वांना सामावून' हे शब्द तीन वेळा घातले. त्यांना आवडतात, असं दिसतंय.

खाली प्रश्न होता, 'तुमच्या कामातून कोणी बाहेर राहिले आहे का?' मी लिहिलं, 'कोणीही नाही.'

मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ताईकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझे गुडघे बोलायला लागले. भावोजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं आलंय, पण जीभ होती तशीच तिखट. मला पाहिलं की म्हणतात, "आली का कंपनी?" शेड सुरू केली त्या दिवसापासून मी त्यांची कंपनी. ताई त्यांच्या उशाशी बसून शिवते. एका हाताला तिची सुईदोऱ्याची पेटी, दुसऱ्या हाताला पाण्याची वाटी. दर पाच मिनिटांनी त्यांचे ओठ ओले करावे लागतात, चेहरा पुसावा लागतो. त्यांना सोडून ती शेडमध्ये येऊ शकत नाही, हे तर उघडच आहे.

मी एका दमात सांगून टाकलं. तिकडचे लोक येऊन पाहणी करेपर्यंत तुझ्याकडे काम पाठवता येणार नाही, कुणी विचारलं तर तू आमच्याकडे शिवतेस असं म्हणू नकोस, नियमच तसे आहेत.

"किती दिवस?"

"पाहणी होईस्तोवर. मग बघू."

"मग बघू," ती म्हणाली. एवढंच. समजूतदार आहे बिचारी. मला वाटलं होतं, रडेल, मागचं पुढचं काढेल. मी किती हलकी होऊन उठले!

आणि उठताना काय पाहते, तर शेजारच्या स्टुलावर चाळीसएक पट्टे भावोजींच्या ओल्या टॉवेलखाली ठेवलेले! मी भडकलेच. "अगं, माल आहे तो! परदेशी जाणारा माल आहे आणि तू त्यावर ओलं फडकं टाकतेस? बुरशी लागली तर?"

ताई काहीतरी सांगणार होती. मी पट्टे पिशवीत भरून चालू पडले. मागून भावोजी म्हणाले, "कंपनी, जिना जपून." त्यांचं काय, सगळ्याचीच थट्टा.

११ फेब्रुवारी, बुधवार

पट्टे आता शेडमध्येच. वेगाचं काम असलं की ते घाईबाईकडे. तिला सगळे घाईबाईच म्हणतात, तीही तसंच म्हणवून घेते. ताई दिवसाला साठ करायची, घाईबाईने आज एकशे दहा केले! तोच टाका, समोर नमुना ठेवून, एकेक टीप मोजून. उगाच इतकी वर्षं तिसरा मजला चढत होतो. त्यांच्या वहीत लिहिलं: 'सर्व काम एका छपराखाली. उत्पादनात वाढ.'

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताईने शेजारणीबरोबर सुयांची पेटी परत पाठवली. आत सहा सुया, मेणाचा गोळा, बोटावर घालायची पितळी टोपी. टोपी आईची. आईनंतर ती ताईकडे आली होती.

प्रामाणिक आहे. कारखान्याची वस्तू कारखान्याला परत. पण टोपी कारखान्याची नव्हती, ती कशाला पाठवली असेल? चुकून आली असणार. ह्यांना म्हटलं, तर ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुला खरंच कळत नाही का?" ह्यांचं हे असंच. सरळ सांगतील तर शपथ.

टोपी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. खण उघडला की पुढे येते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वाट लागली.

मास्तरांनी आज पट्ट्यांना झोका दिला. म्हणजे पिशवीत बारा किलो वाळू भरायची, पट्टा आकड्याला अडकवायचा आणि दोरीने शंभर वेळा वर-खाली करायचं. दहा पिशव्यांपैकी चार तुटल्या. एक तर एकोणतिसाव्या झोक्याला, धपकन, मास्तरांच्या पायापासून वीतभर अंतरावर. पट्टा फाटला नाही, टाक्यातून निसटला. आमच्या नमुन्यांपैकी एकही असा सुटला नव्हता. पाहणी नऊ मार्चला आहे, तपासनीस बाई तिथल्या तिथे झोका देऊन पाहणार आणि नापास झालो तर मागणी रद्द. नऊशे पिशव्यांना पट्टे लागून झालेत.

आधी मी दोऱ्याला शिव्या घातल्या. मग ताग पुरवणाऱ्याला. मग घाईबाईला. घाईबाई म्हणाली, "बाई, टाका तोच आहे. मोजून घ्या." मोजला. तोच होता.

मास्तरांनी नमुन्यातली एक जुनी पिशवी काढली, टाका उसवायला गेले, तर सुई आत शिरेना. "पट्टा टाक्याला असा धरून बसलाय बघा. हे ज्यानं शिवलं त्याला विचारा."

"मीच शिकवलाय हा टाका."

"मग झालं तर. करून दाखवा."

सगळ्यांसमोर सुई हातात दिली माझ्या. बसले. शिवला. झोका दिला. सदतिसाव्याला सुटला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ह्या वहीत तरी खरं लिहावं. टाका माझा नाही. सोळा वर्षांपूर्वी पहिली पिशवी मी बाजारात नेली ती ताईने शिवलेली. तेव्हा भावोजींची नोकरी होती, तिला गरज नव्हती, ती हौसेने करून देत होती. कुणी विचारलं तर मी 'मी केली' म्हणायचे, ती शेजारी उभी राहून हसायची. म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तिसरा मजला. दार ताईने उघडलं. "ये," म्हणाली, पण नेहमीसारखी माझी पिशवी हातातून घेतली नाही. भावोजी कुशीवर होते. "पुन्हा कंपनी?" म्हणाले. मग एक शब्द बराच वेळ जुळवत राहिले आणि म्हणाले, "उशीर."

मी ताईसमोर तुटका पट्टा ठेवला. तिने हातात घेतला, बोटाने दाबला, नाकाशी नेला. "कोरडा शिवलाय."

"म्हणजे?"

"ताग कोरडा असला की ताठ असतो. टाका वरवर बसतो. ओलसर केला की मऊ पडतो, दोरा आत रुततो. मग वाळताना तो दोऱ्याला आवळून धरतो." वाटीकडे बोट दाखवलं. "ह्यांचं तोंड पुसताना एकदा पट्ट्यांवर पाणी सांडलं. म्हटलं गेलं सगळं. पण ते पट्टे झाले सगळ्यांत पक्के. तेव्हापासून शिवायच्या आधी अर्धा तास टॉवेलखाली ठेवते आणि शिवून झाले की दोन दिवस दोरीवर वाळवते. म्हणून तर बुरशी नाही लागत. तुला त्या दिवशी सांगणार होते, पण तू ओरडत होतीस."

मी नमुना बघून टाका मोजत बसले होते आणि गंमत सगळी टॉवेलात होती.

मग तिने मला शेजारी बसवून शिकवलं. किती ओला, किती पिळायचा, सुई कशी तिरकी धरायची, सगळं. काही राखून ठेवलं नाही. माझे दोन पट्टे जमल्यावर म्हणाली, "झालं. जा आता, सगळ्यांना शिकव."

"पाहणी झाली की तुझ्याकडेही पाठवते गं काम. गुपचूप."

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चोरून नाही शिवायचं आता मला. वहीत माझं नाव असेल तर शिवेन. नसेल तर मी नाही तुझ्याकडे."

"तुझं नाव घातलं तर मागणी जाईल! चौदा जणी आहेत ताई."

"म्हणून तर शिकवलं," ती म्हणाली आणि वाटीतलं पाणी बदलायला आत गेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शेडमध्ये चौदा ओले टॉवेल, दोऱ्यांवर पट्टेच पट्टे. नऊशे उसवले, पुन्हा शिवतोय. घाईबाईचा वेग निम्म्यावर आलाय आणि ती तरीही खूश आहे. पहिला वाळलेला पट्टा झोक्यावर: शंभर. दीडशे. मास्तर दमले, पट्टा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमचं डोकं म्हणजे!"

मी काही बोलले नाही. आता ताईवाचून अडत नाही. पाहणी पार पडेल, माल रवाना होईल, कुणाला काही कळणार नाही. असं सगळं जुळून आलं की माणसाला आनंद व्हायला पाहिजे.

२ मार्च, सोमवार

ताईला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, भावोजींनी उचलला असावा, कारण पलीकडे नुसता श्वास होता. मग तुटक तुटक ऐकू आलं, "ती... बसून... असते." बराच वेळ गेला. "हात... रिकामे."

मी म्हटलं, "भावोजी, नऊ तारीख होऊ दे." फोन ठेवला आणि माझंच बोलणं मला आवडलं नाही.

९ मार्च, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

तपासनीस बाई नऊ वाजता आल्या. मला वाटलं होतं, सूटबूट, ताठ मान. तर पन्नाशीच्या, पायात सपाट चपला, आल्या आल्या विचारलं, "आधी कुठे बसता येईल?" त्यांचेही गुडघे. मला जरा धीर आला. त्यांनी संडास पाहिला, आग विझवायची नळी पाहिली, घाईबाईला बाजूला नेऊन बोलल्या, ती हसत परत आली. वीस पिशव्या निवडून झोका दिला, वीसही पास. मग दोऱ्यांवरच्या पट्ट्यांपाशी उभ्या राहिल्या, एका टॉवेलखाली हात घातला.

"ओले करून शिवता? हे मी कुठे पाहिलं नाही. कल्पना कोणाची?"

चौदा जणींनी माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने पाहिलं. सोळा वर्षं माझ्या तोंडात तयार असलेलं उत्तर जिभेवर आलंच होतं. आणि मला ती पितळी टोपी आठवली.

"ताईची," मी म्हणाले.

"ताई कोण?"

"माझी बहीण."

"त्या कुठल्या मशीनवर बसतात?"

मास्तर कात्री टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहत होते, आज खाली वाकले नाहीत. मी सगळं सांगितलं. घरी शिवते, वीस नमुने तिचे, चौथं पान वाचून मी तिला काढलं, निबंधात 'कोणीही नाही' लिहिलं ते खोटं. सांगताना घाईबाईकडे बघवेना. तिच्या दोन मुलींची फी ह्या मागणीवर आहे.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तपासणीला खुली जागा म्हणजे मला आत येऊ देतील अशी कुठलीही जागा. घर चालतं. घरून काम करणाऱ्यांची यादी द्यायची, दर तोच द्यायचा, मी जाऊन पाहणार, झालं. लपवलेलं चालत नाही. शेवटी तक्ता जोडलाय त्यासाठी. कुठे आहे तो?"

"तक्ता?"

मास्तर हळूच पुढे झाले. हातात पट्ट्याचा साचा. उलटा केला. कडेला कातरलेला, मधे खिळ्याची दोन भोकं, आणि वर बारीक अक्षरांत: 'घरून काम करणाऱ्यांची नोंद.' एक महिना आम्ही तो कागद पट्ट्यांवर ठेवून खडूने रेघा मारत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बाईंना हसू आवरेना. मग घाईबाई हसली, मग सगळ्याच. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

दुपारी आम्ही दोघी तिसरा मजला चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबत, चार गुडघ्यांची वरात. ताईने दार उघडलं, बाईंना पाहून पदर सारखा केला. बाईंनी खोली पाहिली, उजेड पाहिला, ताईला विचारलं, "मधे महिनाभर काम का थांबलं होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच थांबवलं होतं. ह्यांना बरं नव्हतं."

"खोटं बोलतेय," मी म्हटलं. "माझ्यासाठी बोलतेय. आजवर तेच करत आली."

ताईने वाटी उगाच जरा सरकवली.

बाईंनी कोरा तक्ता काढला. "कधीपासून शिवता ह्यांच्याकडे?"

"तीन वर्षं," ताई म्हणाली.

"सोळा," मी म्हटलं. "पहिली पिशवी तिची आहे. टाका तिचा आहे. मी नुसती ती बाजारात नेली." बोलून झालं आणि मला कळलं, की हे मी ताईसमोर पहिल्यांदाच बोलले. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातली जड पिशवी काढून घेतली आणि खाली ठेवली, नेहमी ठेवायची तशी.

पिशवीत टोपी होती. मी ती तिच्या बोटात घातली.

निकाल असा: आधी खोटं लिहिल्याचा शेरा राहणार, तो काही पुसला जाणार नाही. सहा हजारांऐवजी आत्ता तीन हजार, उरलेल्या तीन हजारांचं सहा महिन्यांनी दुसरी पाहणी करून ठरवणार. संध्याकाळी शेडमध्ये घाईबाईला सांगायचं जिवावर आलं होतं. ती म्हणाली, "तीन तर तीन. पण बाई, तुम्ही आधी वाचत जा."

ताईकडची एक गोष्ट राहिलीच. बाई सही घेत होत्या तेव्हा भावोजी पलंगावरून म्हणाले, "कंपनी. माझं नाव?"

"तुमचं कशाला भावोजी?"

डाव्या हाताने त्यांनी वाटी दाखवली. शब्द जुळवायला वेळ लागला, पण आम्ही तिघीही थांबलो.

"पाणी... माझं... होतं."

ताई तोंडावर हात घेऊन हसायला लागली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला. तपासनीस बाईंनी गंभीरपणे तक्त्यावरच्या दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "काम काय लिहू?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एकच बाजू हलते त्यांची, तेवढी हलली.

"लिहा," मी म्हटलं, "पट्टे ओले करणं. आणि कंपनीला वेळेवर जागं करणं."

बाईंनी पहिलं लिहिलं. दुसऱ्याला रकाना पुरला नाही.